वाई आणि मेणवली : कृष्णाकाठी दोन दिवस



सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की धर्मग्रामातील युवक मंडळे, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिकांचे गट सहलीचे बेत आखू लागतात. मग ठरलेली नावे पुढे येतात: वेलंकनी, जुने गोवे, महाबळेश्वर. यांपैकी महाबळेश्वरला जाणारी आपली बस ज्या गावावरून पुढे निघून जाते, त्या गावाविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. ते गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातील, कृष्णा नदीच्या काठी वसलेले वाई. बहुतेक सहलींमध्ये या गावाच्या वाट्याला चहापुरता अर्धा तास येतो. आमच्या मते त्याला दोन दिवस द्यावेत. का द्यावेत, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गाव आणि त्याची नदी

पुण्याहून वाई सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर सुरूर फाट्यापाशी उजवीकडे वळले की थोड्याच वेळात आपण गावात पोहोचतो. पुणे आणि सातारा या दोन्ही ठिकाणांहून एस.टी.ची सोय आहे. पुढे पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. चोहोबाजूंनी सह्याद्रीच्या रांगा, त्यांच्या मध्ये सपाट, सुपीक खोरे आणि त्या खोऱ्यातून वाहणारी कृष्णा असे या गावाचे रूप आहे. पांडवगड आणि वैराटगड हे दोन किल्ले जणू पहारेकऱ्यांसारखे दोन अंगांना उभे आहेत. ऊस आणि हळद ही या परिसराची जुनी ओळख.

कृष्णेचा उगम क्षेत्र महाबळेश्वर येथे होतो. तेथून ती डोंगर उतरून खाली येते, धोमच्या धरणात विसावते आणि मग वाईला पोहोचते. पुढे महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश असा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते. एवढ्या मोठ्या नदीचे बालपण पाहायचे असेल तर ते वाईलाच पाहावे. येथे ती अजून गावाच्या मापाची आहे. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाते.

गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात, ते येथील घाटांमुळे व मंदिरांमुळे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी असे सात घाट येथे आहेत. प्रत्येक घाट म्हणजे केवळ दगडी पायऱ्या नव्हेत; तो एकेका आळीचा अंगणासारखा भाग आहे. माघ ते चैत्र या काळात येथे कृष्णाबाईचा उत्सव होतो. तो सगळ्या गावाचा एकाच दिवशी होत नाही. एकेक घाट आपापल्या ठरलेल्या दिवसांत मांडव घालतो, नदीला देवतेच्या रूपात तेथे बसवतो, कीर्तने होतात, पंगती उठतात आणि मग उत्सव पुढच्या घाटाकडे जातो. आपल्याकडे एका गावचा सण संपला की शेजारच्या गावच्या सणाचे आमंत्रण येते, पाहुणे इकडून तिकडे जातात. त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. शिवाजी महाराजांवर अफझलखान चालून आला, तेव्हा महाराजांच्या यशासाठी कृष्णेला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी येथील परंपरा सांगते. खान वाईच्या प्रांताचा सुभेदार राहिलेला होता आणि १६५९ साली त्याचा तळ वाईलाच पडला होता, हा इतिहास आहे.

पाण्याला वाट देणारे मंदिर

वाईत आलेला प्रवासी सर्वप्रथम जातो तो ढोल्या गणपतीच्या मंदिराकडे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास ते बांधले. रास्ते घराणे वाईचे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातील कन्या. पेशवाईतील सत्तेचा आणि संपत्तीचा एक प्रवाह त्यामुळे वाईकडे वळला आणि गावातील अनेक वास्तू त्या काळात उभ्या राहिल्या. ढोल्या गणपतीशेजारचे काशीविश्वेश्वराचे मंदिरही रास्त्यांनीच बांधलेले आहे. गणपतीची मूर्ती एकाच दगडातून घडवलेली आणि भव्य आकाराची असल्यामुळे त्याला लोकांनी प्रेमाने ‘ढोल्या’ हे नाव दिले.

परंतु आम्ही आमच्या वाचकांना या मंदिराची मागची बाजू आवर्जून पाहण्यास सांगू. मंदिर अगदी नदीच्या पात्रालगत आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा थेट त्याच्यावर येतो. बांधणाऱ्यांनी मागची भिंत सपाट ठेवली नाही. तिला माशासारखा, पुढे निमुळता होत जाणारा आकार दिला. त्यामुळे लोंढा भिंतीवर आदळत नाही, तर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो. नाव पाणी कापते ती पुढे जाण्यासाठी. येथे मंदिर जागेवर उभे राहून तेच काम करते. अडीचशेहून अधिक पावसाळे त्याने असे काढले आहेत. नदीच्या काठी राहायचे तर तिच्याशी झुंजून चालत नाही, तिला वाट द्यावी लागते, हे शहाणपण त्या भिंतीत आहे. मुलांना बरोबर नेले असेल तर हे त्यांना जरूर दाखवावे.

ज्ञानाचे गाव

वाईची दुसरी ओळख विद्येची आहे. येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांनी विद्यार्थी घडवले. मीमांसाकोशासारखे प्रचंड काम त्यांनी या लहानशा गावात बसून केले. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४). धर्मशास्त्राचे हे पंडित अस्पृश्यतेच्या विरोधात शास्त्राचा आधार घेऊन उभे राहिले. १९३३ साली गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांच्याच पौरोहित्याखाली पार पडला. १९५५ साली मराठी भाषेसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला मिळाला.

मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली वाईतूनच सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली आणि विसावा खंड पूर्ण झाला तो २०१५ साली. जगातील सर्व विषयांचे ज्ञान मराठीत आणण्याचा हा उद्योग मुंबई-पुण्यात नव्हे, तर या नदीकाठच्या गावात चालला. विश्वकोशात येशू ख्रिस्त, बायबल, ख्रिस्ती धर्म यांवरील नोंदी आहेत, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. आता हा कोश संकेतस्थळावरही वाचता येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आपल्या श्रद्धेविषयी उत्तम मराठीत काय लिहिले गेले आहे हे दाखवायचे असेल, तर त्याचा उपयोग होईल.

इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा आरंभही वाईशी निगडित आहे. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडातील पानिपतच्या काळातील पत्रे त्यांना वाईत मिळाली. कोणाच्या तरी घरात जुने कागद पडून होते. जाणत्या माणसाची नजर त्यांवर गेली आणि इतिहास वाचला. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या बाप्तिस्मा नोंदवह्या आणि घराघरांतील जुनी कागदपत्रे यांचीही अशीच काळजी घेतली पाहिजे, एवढे जाता जाता सुचवतो.

मेणवली : वाडा आणि घाट

आता आपण त्या ठिकाणी जाऊ, ज्यासाठी वसईच्या आणि मुंबईच्या कॅथलिक भाविकांनी वाईला यावेच असे आम्हांला वाटते. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, धोमच्या रस्त्यावर, मेणवली हे छोटे गाव आहे. नाना फडणवीस (१७४२-१८००) यांना हे गाव १७६८ च्या सुमारास इनाम मिळाले. तेथे त्यांनी सहा चौकांचा वाडा, कृष्णेवर चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि घाटावर मंदिरे बांधली. वाड्यातील लाकडी खांब, भिंतींवरील जुनी चित्रे, नदीकडे उतरणाऱ्या वाटा हे सगळे सावकाश पाहण्यासारखे आहे. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातील गावाचे चित्रीकरण येथे झाले. त्यामुळे तरुण मंडळी घाट पाहताच ओळखतात.

या घाटावर, मेणेश्वर महादेवाच्या मंदिराजवळ, दगडी बांधणीच्या लहानशा घंटाघरात एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती सुमारे साडेसहाशे किलो वजनाची असल्याचे सांगतात. जवळ जाऊन पाहिले की तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती दिसते. आणि सालही दिसते: १७०७.

ही घंटा आपल्या वसईची.

घंटेची कहाणी

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि दोनशे वर्षे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे राहिली. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेज्वीट, ऑगस्टिनियन अशा संघांची मंदिरे व मठ होते. त्यांच्या बुरुजांवरून दिवसातून तीनदा आंजेलुसची घंटा होत असे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने दीर्घ व रक्तरंजित वेढ्यानंतर वसई जिंकली. विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा मराठी मुलखात नेण्यात आल्या आणि पुढे त्या मंदिरांमध्ये बांधल्या गेल्या. नाशिकच्या गोदाकाठची नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा याही त्याच मोहिमेशी जोडल्या जातात.

नानांनी स्वतः वसई जिंकून ही घंटा आणली, असे काही जण सांगतात. ते कालगणनेत बसत नाही. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झालेला नव्हता. मेणवलीचा घाट तर त्यानंतर तीस वर्षांनी घडला. म्हणजे ही घंटा आधी पेशव्यांकडे आली असली पाहिजे आणि बऱ्याच काळाने या घाटावर टांगली गेली असली पाहिजे.

घंटा कशी घडवतात हे समजून घेतले तर तिच्यावरील त्या आकृतीचे महत्त्व अधिक कळते. घंटेचा धातू मुख्यतः तांबे आणि कथील यांचा असतो. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथील वाढले तर नाद गोड होतो पण घंटा ठिसूळ होते. कमी पडले तर ती मजबूत होते पण बद्द वाजते. आधी मातीचा साचा तयार करतात. अक्षरे, साल, चित्रे ही सर्व साच्यातच उमटवतात आणि मग वितळलेला रस ओततात. त्यामुळे मरियेची आकृती या घंटेवर नंतर चिकटवलेली नाही. ती घंटेबरोबरच जन्मलेली आहे. नव्या चर्चसाठी घंटा तयार झाली की तिला आशीर्वाद देण्याची आणि पुष्कळदा तिला एखाद्या संताचे नाव देण्याची आपल्या ख्रिस्तसभेची जुनी प्रथा आहे. घंटा ही आपल्यासाठी कधीच नुसता धातू नव्हती.

एक प्रश्न आणि त्याचे उत्तर

काही वर्षांपूर्वी वसई परिसरातील एका धर्मग्रामाच्या मंडळींसह आम्ही या घाटावर गेलो होतो. घंटेवरील साल वाचून एका तरुणाने विचारले, “फादर, ही घंटा आपली ना? मग आपण ती परत का मागत नाही?” प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, मनाला लागलेले काहीतरी त्यात होते. त्या वेळी आम्ही त्याला एखाद-दुसरे वाक्य बोललो आणि विषय पुढे ढकलला. खरे सांगायचे तर आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. त्यानंतर पुष्कळ विचार केला, तो येथे मांडतो.

पहिली गोष्ट, इतिहास पूर्ण सांगावा. १७३९ मध्ये आपल्या पूर्वजांनी चर्च गमावली, घंटा गमावल्या, याचे दुःख खरे आहे. परंतु त्याआधी पोर्तुगीज सत्तेखाली याच प्रदेशातील हिंदूंची मंदिरे पाडली गेली, त्यांच्यावर धर्माच्या नावाने जुलूम झाला, हेही तितकेच खरे आहे. आपल्या मुलांना पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवली, तर आपण त्यांना इतिहास शिकवत नाही, गाऱ्हाणे शिकवतो.

दुसरी गोष्ट, घंटेचे पुढे काय झाले ते पाहावे. युद्धात हाती लागलेल्या घंटांची नेहमीची गती म्हणजे भट्टी. घंटेचा आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच. युरोपात ख्रिस्ती राष्ट्रांनीच युद्धांच्या काळात, अगदी विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांतसुद्धा, हजारो चर्चघंटा वितळवून शस्त्रांसाठी वापरल्या. वसईच्या या घंटेची तोफ झाली नाही. तिच्यावरची मरियेची आकृती कोणी घासून काढली नाही. जिंकणाऱ्यांनी ती देवाच्या दारात बांधली. विजयचिन्ह म्हणून ती आणली, हे खरे. पण तिला पूजेच्या जागी ठेवून त्यांनी तिचे घंटापण राखले, हेही खरे. मेणवलीच्या गावकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिला सांभाळले आहे.

तिसरी गोष्ट आम्हांला कोणा विद्वानाने नव्हे, तर त्याच सहलीतील एका आजींनी शिकवली. आम्ही सगळे साल वाचण्यात, छायाचित्रे घेण्यात गुंतलो होतो. त्या मात्र पुढे झाल्या, मरियेच्या आकृतीला हात लावून तो कपाळाला लावला आणि डोळे मिटून नमो मरिया म्हटली. मंदिरातून येणारी गावातील एक बाई थांबून पाहत होती. तिने विचारले, “ही तुमची देवी का हो, आजी?” आजी म्हणाल्या, “देवी नव्हे गं, देवाची आई.” त्यावर ती बाई म्हणाली, “मग बरं आहे. इथं नदीकाठी तिला एकटं वाटत नसेल. आम्ही रोज येतो.”

त्या तरुणाला आज आमचे उत्तर असे आहे: घंटा परत मागण्यापेक्षा घंटेकडे परत जावे. तिची विचारपूस करावी. तिची योग्य निगा राहावी, तिच्या इतिहासाची माहिती देणारा एखादा नेटका फलक तेथे असावा, यासाठी गावकरी आणि संबंधित खाते यांच्याशी सौजन्याने बोलावे. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी सन्मानाने राहिली असेल, तर त्या घराशी आपले नाते जोडले जाते. असे नाते आज दोन्ही समाजांना हवे आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासाला उत्तम. उत्सव पाहायचा असेल तर माघ-चैत्रात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जावे. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला पूर असतो. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाण्याचा जोर दिसतो त्याहून जास्त असतो. लहान मुले बरोबर असतील तर त्या दिवसांत घाटावर उतरू नये. एरवीही पोहण्याचा मोह टाळावा. धरणातून सोडलेल्या पाण्याने पातळी वाढू शकते.

पहिल्या दिवशी सकाळी वाईचे घाट व ढोल्या गणपतीचे मंदिर पाहून दुपारी मेणवलीला जावे. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात मेणवलीचा घाट फार शांत असतो. दुसऱ्या दिवशी धोम येथील मंदिर पाहावे. तेथील कमळाच्या आकाराचे कुंड आणि दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहण्यासारखा आहे. जवळच १९७० च्या दशकात कृष्णेवर बांधलेले धरण आहे. चालण्याची ताकद असलेल्या युवकांनी पांडवगड चढावा किंवा लोहारे गावाजवळची प्राचीन लेणी पाहावीत. रविवार असेल तर मिस्साबलिदानासाठी पाचगणीला जाता येते. वेळ मात्र आधी विचारून घ्यावी.

मंदिरांच्या आवारात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, पोशाख साधा असावा, पूजा चालू असेल तर थांबावे. मेणवलीची घंटा मौजेसाठी वाजवू नये. आपल्या चर्चमध्ये आलेल्या पाहुण्यांकडून आपण ज्या वागणुकीची अपेक्षा करतो, तीच आपण तेथे पाळावी. वाडा ही खाजगी वास्तू आहे, हे लक्षात ठेवून विचारूनच आत जावे. आणि नदीत काही टाकू नये. घाटांवर प्लास्टिक साचलेले दिसते, ते गावकऱ्यांपेक्षा आपल्यासारख्या पाहुण्यांचेच अधिक असते.

वाचकहो, पुढच्या वेळी महाबळेश्वरची बस ठरवताना चालकाला सांगा की मेणवलीला गाडी थांबवायची आहे. घाट उतरून त्या घंटेसमोर क्षणभर उभे राहा. १७०७ साली जिने आपल्या पूर्वजांना प्रार्थनेला हाक दिली, ती आज कृष्णेच्या काठी दुसऱ्याच कुणाला हाक देते आहे. शक्य झाले तर तेथे गावातील कोणाशी तरी दोन शब्द बोला, आणि परत आल्यावर आपला अनुभव आम्हांला अवश्य कळवा.